मूलद्रव्य क्रमांक ४३, टेक्नेशियम : निसर्गात का नाही आणि रोज सकाळी जनरेटरमधून कसं काढतात

अल्युमिना (धागाकर्ती)

मुंबईतल्या कुठल्याही न्यूक्लिअर मेडिसिन विभागात हाडांचा, किडनीचा किंवा थायरॉइडचा गॅमा कॅमेऱ्यावरचा स्कॅन असेल, तर शिरेतून जे टोचतात त्यात बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम असतं (एम म्हणजे मेटास्टेबल, उत्तेजित पण काही काळ तग धरणारं केंद्रक). रुग्णाला "किरणोत्सर्गी औषध" एवढंच सांगितलं जातं. हे मूलद्रव्य काय आहे, खाणीतून का निघत नाही आणि सकाळी सात वाजता हॉट लॅबमध्ये (किरणोत्सर्गी औषधं तयार करायच्या खोलीत) येतं कुठून, हे मराठीत सविस्तर एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, आकडे तपासून घ्यावेत.

मुळापासून सुरू करते. आवर्तसारणीत मॉलिब्डेनम ४२ वं आणि रुथेनियम ४४ वं. दोन्ही खाणीत मिळतात, दोघांचेही अनेक स्थिर समस्थानिक आहेत. मधल्या ४३ चा एकही स्थिर समस्थानिक नाही. बिस्मथच्या (क्रमांक ८३) अलीकडे अशी दोनच घरं आहेत, ४३ आणि ६१.

कारण केंद्रकाच्या हिशेबात आहे. ज्या केंद्रकात प्रोटॉनही विषम आणि न्यूट्रॉनही विषम, ते जवळजवळ कधीच स्थिर नसतं. ड्युटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१०, नायट्रोजन-१४ असे हलके अपवाद सोडा. ४३ विषम, म्हणजे टेक्नेशियमचे सम वस्तुमानांकाचे (वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) सगळे समस्थानिक इथेच बाद झाले. उरले ९५, ९७, ९९, १०१. आता दुसरा नियम, माटाउखचा : वस्तुमानांक सारखा असलेली दोन लगतची मूलद्रव्यं दोन्ही स्थिर राहू शकत नाहीत. मॉलिब्डेनम-९५ आणि ९७ स्थिर आहेत, रुथेनियम-९९ आणि १०१ स्थिर आहेत. चारही जागा शेजाऱ्यांनी आधीच घेतल्या. टेक्नेशियमसाठी काही उरलं नाही.

सगळ्यात दीर्घायुषी समस्थानिक टेक्नेशियम-९७ आणि ९८, अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षं. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं. म्हणजे पृथ्वी घडताना जे काही होतं त्याची हजाराहून जास्त अर्धायुष्यं उलटली. एक अणूही उरणं शक्य नाही.

मेंडेलीव्हने मॅंगनीजखालची ही जागा रिकामी ठेवून गुणधर्म वर्तवले होते. १९२५ मध्ये नोडॅक, टाके आणि बर्ग यांनी ४३ सापडल्याचं जाहीर केलं, "मासुरियम" नावही दिलं. त्याच कामातून निघालेलं त्यांचं रेनियम टिकलं, मासुरियमचा प्रयोग कुणालाच पुन्हा करून दाखवता आला नाही. खरा शोध १९३७ मध्ये, सिसिलीतल्या पालेर्मोला. बर्कलीच्या लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमध्ये ड्युटेरॉनचा मारा खाल्लेली मॉलिब्डेनमची पट्टी पालेर्मोतले भौतिकशास्त्रज्ञ एमिलियो सेग्रे यांच्याकडे पोचली. खनिजतज्ज्ञ पेरिए आणि सेग्रे यांनी तिच्यातली किरणोत्सर्गी द्रव्यं एकेक करून वेगळी केली. नायोबियम नाही, झिर्कोनियम नाही, मॉलिब्डेनमही नाही. उरलेला भाग रासायनिकदृष्ट्या रेनियमच्या जवळ वागत होता. ते ४३ होतं. पुढच्या वर्षी सीबॉर्ग आणि सेग्रे यांना बर्कलीत ९९एम सापडलं.

धातू म्हणून चंदेरी राखाडी, वितळणबिंदू २१५७ अंश सेल्सियस, घनता ११.५ च्या आसपास, साडेसात केल्विनच्या सुमारास अतिवाहक. पण हॉट लॅबमध्ये धातू कुणी पाहत नाही. तिथे असतो परटेक्नेटेट आयन : मध्यभागी +७ अवस्थेतलं टेक्नेशियम, भोवती चार ऑक्सिजन, एक ऋण भार. परमॅंगनेटचा भाऊबंद, पण ऑक्सिडीकरणाची ताकद फार कमी, त्यामुळे सलाईनमध्ये निवांत राहतो. आकार आणि भार आयोडाइडसारखा असल्याने थायरॉइड त्याला आत ओढून घेते. या एका आयनवर पुढचं सगळं उभं आहे.

---

मुलुंडकर

उत्तम धागा. एक दुरुस्ती मात्र हवी. "निसर्गात नाही" हे शीर्षकात ठीक, पण काटेकोरपणे खरं नाही. युरेनियम-२३८ चं आपोआप विखंडन होत असतं, अतिशय मंद, आणि त्यातून टेक्नेशियम-९९ तयार होत राहतं. केना आणि कुरोडा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियन काँगोच्या ५.३ किलो पिचब्लेंडमधून (युरेनियमच्या खनिजातून) जेमतेम एक नॅनोग्रॅम टेक्नेशियम वेगळं करून दाखवलं. किलोभर युरेनियममागे साधारण एक नॅनोग्रॅम, असं धरा.

दुसरं उदाहरण ताऱ्यांचं. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना एस प्रकारच्या लाल राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. देवयानी तारकासमूहातला आर अँड्रोमेडी त्यांतला एक. हे तारे अब्जावधी वर्षांचे आणि टेक्नेशियमचं अर्धायुष्य फार तर ४२ लाख वर्षं, म्हणजे ते ताऱ्याच्या पोटात तिथल्या तिथे बनत असलं पाहिजे. जड मूलद्रव्यं ताऱ्यांत घडतात याचा इतका थेट पुरावा त्याआधी नव्हता. मला तर या मूलद्रव्याची सगळ्यात मोठी कामगिरी हीच वाटते, औषधापेक्षाही.

---

अल्युमिना

@मुलुंडकर, मान्य. वजनात मोजता येईल असं टेक्नेशियम मात्र अणुभट्टीतूनच येतं. युरेनियम-२३५ च्या दर शंभर विखंडनांत सुमारे सहा वेळा वस्तुमानांक ९९ ची साखळी निघते. आजघडीला जगात जेवढं टेक्नेशियम-९९ आहे ते जवळजवळ सगळं वापरलेल्या अणुइंधनात आणि त्यातून निघालेल्या कचऱ्यात आहे.

---

रसायनी

ताई, मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका. एक, ९९एम मधलं "एम" तग का धरतं? उत्तेजित केंद्रक तर क्षणात खाली येतं. दोन, सहा तासांनी निम्मं झालं तरी ते मूळ ९९ मध्येच बदलतं ना, आणि ९९ चं अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षं. मग रुग्णाच्या शरीरात ते आयुष्यभर राहणार का?

---

अल्युमिना

@रसायनी, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

९९एम ची पातळी मूळ पातळीपेक्षा १४२.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट वर आहे, पण दोन्हींच्या फिरकीत (स्पिनमध्ये) फार अंतर आहे. वरची १/२, खालची ९/२. एवढी उडी एकदम मारणं केंद्रकाला अवघड जातं. म्हणून ते आधी २.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची लहान पायरी उतरून ७/२ वर येतं, आणि तिथून लगेच १४०.५ चा गॅमा सोडतं. पहिली पायरी अडते, त्यामुळे अर्धायुष्य ६.०१ तास. शंभर विघटनांत सुमारे ८९ वेळा हा १४०.५ चा गॅमा बाहेर येतो. शरीरातून निसटण्याइतका भेदक आणि कॅमेऱ्याच्या ९.५ मिलिमीटर सोडियम आयोडाइड स्फटिकात अडकण्याइतका मवाळ. बीटा जवळपास नाहीच, म्हणून मात्रेच्या मानाने रुग्णाला डोस कमी.

आता शरीरातल्या ९९ चा हिशेब. हाडांच्या स्कॅनला २० मिलिक्युरी, म्हणजे ७४० मेगाबेकरेल, दिलं असं धरा (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). अणूंची संख्या साधारण २३ लाख कोटी, वजन ४ नॅनोग्रॅमच्या आत. हे सगळे अणू ९९ मध्ये बदलले आणि एकही बाहेर गेला नाही असं मानलं तरी त्यांची क्रियाशीलता अडीच बेकरेलच्या आसपास भरते. माणसाच्या अंगात नैसर्गिक पोटॅशियम-४० चीच सुमारे ४००० बेकरेल असते. शिवाय औषधाचा बराच भाग लघवीतून निघून जातो.

---

परळ_हॉटलॅब

सकाळच्या इल्युशनबद्दल, म्हणजे जनरेटरमधून टेक्नेशियम सलाईनने धुवून काढण्याबद्दल, मी लिहितो. कोरड्या कॉलमचा जनरेटर गृहीत धरला आहे.

आत काय असतं : शिशाच्या जाड कवचात काचेचा छोटा कॉलम, त्यात आम्लधर्मी अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइड), आणि त्याला चिकटलेलं मॉलिब्डेनम-९९ मॉलिब्डेटच्या रूपात. मॉलिब्डेटवर दोन ऋण भार, तो घट्ट धरला जातो. त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या परटेक्नेटेटवर एकच भार, त्यामुळे ०.९ टक्के सलाईन सोडलं की तो सुटून येतो आणि मॉलिब्डेनम जागेवर राहतं. आई (मॉलिब्डेनम) ६६ तासांच्या अर्धायुष्याची, पोर (टेक्नेशियम) सहा तासांचं. काढलं की पुन्हा भरतं, म्हणून सगळे याला गायच म्हणतात.

क्रम असा. टीएलडी बॅज (अंगाला बसलेला डोस नोंदणारा) छातीवर, अंगठी डोसमीटर बोटात, हातमोजे. सलाईन आत जाण्याची आणि माल बाहेर येण्याची अशा दोन्ही सुयांवरचे जुने संरक्षक व्हायल काढा, रबराच्या बुचांवर अल्कोहोल फिरवा आणि ते पूर्ण वाळू द्या. ओल्या बुचातून अल्कोहोल आत गेलं तर पुढे किटचं लेबलिंग (तयार औषधाच्या व्हायलमध्ये टेक्नेशियम बांधणं) बिघडू शकतं. आधी ५ मिलिलिटरची सलाईन व्हायल लावा, मग शिशाच्या पॉटमध्ये ठेवलेली निर्वात व्हायल दुसऱ्या सुईवर सरळ खाली दाबा. तिरकी दाबली तर सुई वाकते किंवा बुचाच्या कडेने हवा शिरून निर्वात जातो. द्रव यायला लागतो, पहिल्या दीड-दोन मिलिलिटरमध्येच बहुतेक माल येतो. सलाईन संपल्यावर व्हायलमध्ये बुडबुडे दिसायला लागतात.

इथेच घाई होते. बुडबुडे दिसले की व्हायल उपटायची नाही. कॉलममधून हवा खेचली जाऊन तो कोरडा व्हायला हवा, त्यासाठी आणखी किमान दोन मिनिटं द्या. सलाईन आत साचून राहिलं तर रात्रभर किरणांमुळे पाण्याचं विघटन होतं, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन परटेक्नेटेटला खालच्या अवस्थेत आणतात, आणि ते टेक्नेशियम अल्युमिनाला चिकटून बसतं. दुसऱ्या दिवशी इल्युशन ९० टक्क्यांऐवजी ६० टक्के आलं की लोक पुरवठादाराला फोन करतात. आधी आदल्या दिवशीची व्हायल केव्हा काढली ते विचारा.

उत्पन्न कमी येण्याची दुसरी कारणं : निर्वात व्हायल जुनी (दुसरी लावून बघा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं), वाहतुकीत धक्का बसून कॉलममध्ये भेग पडणं, आणि मागच्या इल्युशनची वेळ चुकीची लिहिलेली असणं. शेवटचं कारण सगळ्यात जास्त आढळतं.

आकडे हाताशी ठेवा. सोमवारी सकाळी ८ ला मॉलिब्डेनम ५०० मिलिक्युरी असेल आणि त्याच वेळी इल्युशन केलं असेल, तर मंगळवारी ८ ला मॉलिब्डेनम ३८८ उरतं आणि कॉलमवर टेक्नेशियम ३४४ जमतं. ९० टक्के निघालं तर व्हायलमध्ये ३१०. बुधवारी २४०. शुक्रवारी १४५. टेक्नेशियम कमाल पातळीला पोचायला सुमारे २३ तास लागतात, पण चार तासांतच कमालीच्या ४६ टक्के आणि सहा तासांत ६१ टक्के परत भरतं. दुपारी १ वाजताचं दुसरं इल्युशन म्हणूनच परवडतं. मात्र त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण माल मिळणार नाही, तो हिशेब अपॉइंटमेंट देणाऱ्याला आधी सांगून ठेवायचा.

मोजमाप. इल्युएट (निघालेलं द्रावण) शिशाच्या डब्यात घालून डोस कॅलिब्रेटर (क्रियाशीलता मोजायचं यंत्र) मॉलिब्डेनमवर ठेवून वाचा. सुमारे ६ मिलिमीटर शिसं १४० चा गॅमा पूर्ण अडवतं, मॉलिब्डेनमचा ७४० चा जवळजवळ निम्मा सोडतं. पार्श्वभूमी वजा करा, डब्याचा गुणक लावा. मग डब्याबाहेर टेक्नेशियमवर वाचा. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे मॉली ब्रेकथ्रू, मालात निसटून आलेल्या मॉलिब्डेनमचं प्रमाण. मर्यादा : रुग्णाला देण्याच्या क्षणी प्रत्येक मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम. त्यानंतर अल्युमिनियमची ठिपका चाचणी, पट्टीवर इल्युएटचा एक थेंब आणि शेजारी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या प्रमाण द्रावाचा एक थेंब. इल्युएटचा लाल रंग प्रमाणापेक्षा गडद असेल तर तो माल वापरू नये. अल्युमिनियम जास्त असलं की सल्फर कोलॉइडच्या (यकृताच्या स्कॅनच्या औषधाच्या) गुठळ्या होतात आणि यकृताऐवजी फुप्फुसं दिसतात.

---

रसायनी

सर, सकाळी ब्रेकथ्रू ०.०५ आला तर दिवसभर निश्चिंत ना?

---

परळ_हॉटलॅब

नाही. टेक्नेशियम वेगाने संपतं, मॉलिब्डेनम हळू, त्यामुळे गुणोत्तर वाढतच जातं. सकाळी ७ ला ०.०५ असेल तर संध्याकाळी ७ ला टेक्नेशियम पाव उरलं, मॉलिब्डेनम ८८ टक्के, म्हणजे गुणोत्तर ०.१७६. मर्यादा ओलांडली. या व्हायलची वेळ साडेदहा तासांच्या आत, साडेपाचच्या आधी संपते. व्हायलवर इल्युशनच्या वेळेसोबत ही वेळही लिहा. रात्रीच्या तातडीच्या केसला सकाळचं उरलेलं वापरताना हा हिशेब पुन्हा करायचाच.

---

वाशीवाला

आता मॉलिब्डेनम कुठून येतं ते. दोन वाटा आहेत.

पहिली विखंडनाची. युरेनियम-२३५ चं लक्ष्य अणुभट्टीत ठेवायचं, विरघळवायचं आणि शेकडो समस्थानिकांतून मॉलिब्डेनम वेगळं काढायचं. क्लिष्ट, महाग, कचरा भरपूर. पण माल अतिशय सांद्र मिळतो, एका ग्रॅममध्ये दहा हजार क्युरीहून जास्त. ५०० मिलिक्युरीसाठी मॉलिब्डेनम लागतं जास्तीत जास्त ५० मायक्रोग्रॅम. ग्रॅम-दोन ग्रॅम अल्युमिना पुरतो आणि ५ मिलिलिटरमध्ये सगळा माल येतो.

दुसरी वाट साधी. नैसर्गिक मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड घ्यायचं, तुर्भ्याच्या ध्रुवसारख्या अणुभट्टीत ठेवायचं आणि त्यातल्या २४ टक्के मॉलिब्डेनम-९८ ला न्यूट्रॉन खाऊ द्यायचा. कचरा नाही, युरेनियमचा प्रश्न नाही. अडचण ही की न्यूट्रॉन पकडण्याची शक्यता फक्त ०.१३ बार्न (बार्न हे या शक्यतेचं एकक). विखंडनातून मॉलिब्डेनम-९९ मिळण्याची ३५ बार्नच्या वर. त्यामुळे हा माल पातळ असतो. समजा एका ग्रॅममागे अर्धी क्युरी मिळाली. म्हणजे ५०० मिलिक्युरीला एक ग्रॅम मॉलिब्डेनम. अल्युमिना ग्रॅममागे फार तर २० मिलिग्रॅम धरतो. म्हणजे ५० ग्रॅम अल्युमिना, आणि धुवायला इतकं सलाईन की मिलिलिटरमागे काही उरत नाही.

यावर आपल्याकडे अनेक वर्षं चाललेला उपाय म्हणजे एमईके पद्धत, मिथाइल इथाइल कीटोनने निष्कर्षण. सोडियम मॉलिब्डेटचं द्रावण सुमारे ५ नॉर्मल कॉस्टिकमध्ये येतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब टाकायचे म्हणजे टेक्नेशियम +७ मध्ये राहतं. एमईके घालून पाच-दहा मिनिटं ढवळायचं, मग थांबायचं. थर वेगळे होतात, वरचा एमईकेचा, खालचा अल्कलीचा. परटेक्नेटेट वर जातं, मॉलिब्डेट खाली राहतं. वरचा थर काळजीपूर्वक उचलून अल्युमिनाच्या लहान कॉलममधून काढायचा, म्हणजे सोबत आलेला अल्कली आणि मॉलिब्डेनमचा अंश अडतो. मग पाण्याच्या कोमट बाथवर हलका निर्वात लावून एमईके उडवायचं आणि तळाशी राहिलेलं टेक्नेशियम निर्जंतुक सलाईनमध्ये घ्यायचं. शेवटी ०.२२ मायक्रॉन फिल्टर.

बिघाड कुठे होतो : थर उचलताना खालच्या अल्कलीचा एक थेंब जरी ओढला गेला तरी पीएच चढतो. अल्युमिनाचा कॉलम ओलसर असेल तर मॉलिब्डेनम निसटतं. एमईके जुनं असेल किंवा अल्कलीच्या संपर्कात जास्त वेळ राहिलं तर त्याचेच रेणू एकमेकांना जोडले जाऊन पिवळसर चिकट द्रव्य बनतं, ते सलाईनमध्ये उतरतं. पिवळी झाक दिसली तर माल फेकायचा, गाळून वापरायचा विचार करायचा नाही. आणि एमईकेचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) शून्याखाली आहे. फ्यूम हूडमध्ये उघडी ज्योत किंवा ठिणगी मारणारा हीटर चालत नाही. पावसाळ्यात वीज गेली आणि हूडचा पंखा बंद पडला तर बाथही तिथेच बंद करायचा.

---

परळ_हॉटलॅब

@वाशीवाला, माहिती अचूक आहे, पण नव्या विभागाला मी हाताने करायची एमईके पद्धत सुचवणार नाही. तासभर हात गरम मालाजवळ राहतो, माणूस बदलला की उत्पन्न बदलतं. अल्युमिनाचा कॉलम कुणीही आठवड्यात शिकतो.

---

वाशीवाला

हाताने करायची नको हे मान्य. पण पद्धत टाकाऊ ठरवू नका. स्वयंचलित यंत्रात तीच क्रिया शिशामागे होते. शिवाय आपल्या भट्टीत, आपल्याच मॉलिब्डेनमवर चालते. मे २००९ मध्ये कॅनडाची चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी बंद पडली ती ऑगस्ट २०१० पर्यंत, आणि त्याच काळात फेब्रुवारी २०१० पासून नेदरलँड्सची पेटेनची भट्टीही दुरुस्तीला गेली. जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागले. विखंडनाचं मॉलिब्डेनम मोजक्या म्हाताऱ्या भट्ट्यांवर अवलंबून असतं. हातात दुसरी वाट असणं याला किंमत आहे.

तिसरा मार्गही आहे, ब्रिटचा (वाशीतली, किरणोत्सर्गी समस्थानिक पुरवणारी अणुऊर्जा विभागाची संस्था) जेलटेक. मॉलिब्डेनम अल्युमिनावर चिकटवण्याऐवजी त्याचाच झिर्कोनियम मॉलिब्डेट जेल करायचा. जेलमध्ये वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा मॉलिब्डेनम असतं, म्हणजे एका ग्रॅमला चार ग्रॅम जेल पुरतो. वापरणाऱ्याला तो साध्या कॉलमसारखाच. फक्त इल्युशन थोडं पसरट येतं, आणि निसटलेलं मॉलिब्डेनम अडवायला पुढे अल्युमिनाचा शुद्धीकरण कॉलम लागतो.

---

मुलुंडकर

सायक्लोट्रॉनमध्ये मॉलिब्डेनम-१०० वर प्रोटॉन मारून थेट ९९एम बनवता येतं, त्याचा उल्लेख राहिला.

---

वाशीवाला

हो, कॅनडाने त्यावर बरंच काम केलं. पण समृद्ध मॉलिब्डेनम-१०० लागतं, आणि तयार माल सहा तासांचा असल्याने सायक्लोट्रॉन शहरातच हवा. मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर गाडी वाशीहून निघून कुर्ल्याच्या पाण्यात तीन तास अडकली, तर मॉलिब्डेनम ३ टक्के कमी होतं. तयार टेक्नेशियम २९ टक्के.

---

रसायनी

हाडांच्या स्कॅनमध्ये जठर आणि थायरॉइड उजळ दिसले तर दोष जनरेटरचा की किटचा?

---

परळ_हॉटलॅब

बहुतेक वेळा किटचा. एमडीपीच्या (हाडांच्या स्कॅनच्या औषधाच्या) किटमध्ये स्टॅनस क्लोराइड असतं, ते टेक्नेशियमला +७ वरून +४ ला आणतं, मगच ते एमडीपीशी बांधलं जातं. व्हायलमध्ये हवा शिरली तर स्टॅनसचं स्टॅनिक होतं आणि परटेक्नेटेट मोकळं राहतं. मोकळं परटेक्नेटेट जठर, थायरॉइड, लाळग्रंथी इथे जातं. तुम्ही सांगितलेलं चित्र तेच. म्हणून किटमध्ये इल्युएट घालताना आतली तेवढीच हवा सिरिंजमध्ये परत ओढायची, बाहेरची हवा ढकलायची नाही. याउलट यकृत उजळ दिसलं तर कोलॉइडचा किंवा अल्युमिनियमचा संशय घ्या.

रुग्णाला टोचण्याआधी दोन क्रोमॅटोग्राफी पट्ट्या करा. पहिली ॲसिटोनमध्ये : मोकळं परटेक्नेटेट वर चढतं, बाकी खाली राहतं. दुसरी, सिलिका जेलची, सलाईनमध्ये : कोलॉइड खाली राहतं, बाकी वर. मोकळं २ टक्के आणि कोलॉइड ३ टक्के आलं तर बांधलेलं ९५. थेंब द्रवाच्या पातळीच्या वर लावा, नाहीतर तो बाटलीतच विरघळतो आणि आकडा खोटा चांगला येतो.

---

अल्युमिना

यात सोमवार सकाळचा मुद्दा जोडते. शुक्रवारी सकाळी शेवटचं इल्युशन झालं असेल तर सोमवारपर्यंत ७२ तास जातात. तेवढ्यात बरंचसं ९९एम कॉलमवरच ९९ झालेलं असतं. २४ तासांनी काढलेल्या मालात एकूण टेक्नेशियमपैकी २८ टक्के अणू ९९एम असतात, ७२ तासांनी फक्त ८ टक्के. रसायनाला दोन्ही सारखेच, त्यामुळे किटमधलं थोडं स्टॅनस ९९ वरच खर्च होतं. एमडीपीला सहसा फरक पडत नाही. मेंदूच्या स्कॅनच्या औषधाला, एचएमपीएओला, पडतो, त्यात स्टॅनस अगदी कमी असतं. त्यासाठी मागचं इल्युशन २४ तासांच्या आतलं आणि माल दोन तासांच्या आतला हवा. सोमवारी एचएमपीएओ ठरला असेल तर रविवारी कुणीतरी येऊन कॉलम धुवून जावा.

---

किरण_सुरक्षा

सुरक्षेचं थोडक्यात. १४० च्या गॅमाला पाव मिलिमीटरच्या आसपास शिसं निम्मं करतं, म्हणून सिरिंज शील्ड वापरली नाही याला सबब नाही. बोटांचा डोस बहुतेक सगळा सिरिंज भरताना आणि टोचताना बसतो.

सांडलं तर : शोषक कागद टाका, कडेकडून मध्याकडे पुसा, बाहेरच्या दिशेने नाही. प्रत्येक पुसण्यानंतर मीटर लावा. दोन-तीनदा पुसूनही वाचन उतरत नसेल तर झाकून, फलक लावून ६० तास सोडा. दहा अर्धायुष्यांत हजारावा हिस्सा उरतो. फरशीच्या सांध्यांत मुरलेलं खरवडायला जाऊ नका, धूळ उडते. पार्सल आलं की उघडण्याआधी पुसणी चाचणी, पिवळ्या लेबलावरचा ट्रान्सपोर्ट इंडेक्स तपासून नोंद.

---

रसायनी

आणि संपलेल्या जनरेटरचं काय करतात?

---

किरण_सुरक्षा

तो टेक्नेशियमच्या नाही, मॉलिब्डेनमच्या घड्याळावर चालतो. ६६ तासांची दहा अर्धायुष्यं म्हणजे साडेसत्तावीस दिवस. तोवर कुलूपबंद खोलीत, प्रत्येकावर शेवटच्या इल्युशनची तारीख. नंतर सर्व्हे मीटर पार्श्वभूमीवर आलं की पुरवठादाराशी ठरल्याप्रमाणे परत, किंवा अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्यातल्या अटींनुसार विल्हेवाट, वाचनाची नोंद रजिस्टरमध्ये. आणि किरणोत्सर्गाचं चिन्ह खरवडून काढल्याशिवाय शिशाचं एकही कवच भंगारात जाऊ देऊ नका.